मालिकांमधलं दुःख तेराव्यालाच का संपतं?

कृष्णाकाठची (सांगली)
नमस्कार मंडळी. बाबा गेले त्याला आता वर्ष होत आलं. आई संध्याकाळी टीव्हीपुढं बसते, मीही भाजी निवडत शेजारी बसते. परवा एका मालिकेत घरातला कर्ता माणूस गेला. दोन-तीन भाग नुसती रडारड, विजा, नायिकेच्या हातून सांडलेला कुंकवाचा करंडा. त्याच्या पुढच्या भागात जाऊबाई इस्टेटीच्या कागदांवर सही मागायला हजर. आई म्हणाली, "ह्यांच्यात कुणाला भूक लागत नाही का गं? मला त्या दिवशी इतकी भूक लागली होती की लाज वाटत होती. शेजारच्या काकूंनी पिठलं-भाकरी आणली, सगळे म्हणत होते दोन घास खा, आणि मला चार भाकरी खाव्याशा वाटत होत्या."

वर्षभरात आई हे पहिल्यांदाच बोलली. तेही मालिका बघताना.

मालिकांना नुसती नावं ठेवायला हा धागा काढलेला नाही. आईला त्यांचा आधार आहे, हे मी रोज बघते. माझी तक्रार एवढीच की मालिका मरण दाखवतात, मरणानंतरचे महिने दाखवत नाहीत. गॅसच्या पुस्तकावरचं नाव बदलायला जाणं, बँकेत वारसाचा फॉर्म भरताना नात्याच्या रकान्यापाशी पेन थांबणं, दूधवाल्याला उद्यापासून एकच पिशवी सांगणं. माणूस खरा तिथं मोडतो. हे कुठल्या मालिकेत नीट दाखवलेलं कुणी पाहिलंय का? मराठी, हिंदी, बाहेरची, कुठलीही चालेल. आणि दाखवत नसतील तर का दाखवत नाहीत?

भडंगप्रेमी
आमच्या आईनं दूध कमी केलंच नाही. अण्णांच्या वाटणीच्या दुधाला विरजण लावत राहिली. घरात दही, ताक, कढी, पुन्हा दही. आम्ही कुणी काही बोललो नाही, खात राहिलो.

यवतेश्वर_घाट (सातारा)
ताई, विषय काळजाचा काढलात. माझ्या मते मुळातली अडचण वेगळीच आहे. मालिकेत माणूस मेलाय यावर आपला विश्वासच राहिलेला नाही. २००० साली 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली. पुढं त्यातला मिहीर मेला, घरोघरी बायका रडल्या, आणि तो परत आला! तेव्हापासून प्रेक्षकाला सवय लागली. प्रेत दिसलं नाही म्हणजे तो दरीतून वर येणार. प्रेत दिसलं तर जुळा भाऊ येणार. चेहराच बदलून येईल, नाहीतर स्मृती जाऊन येईल. आता तो कधीच येणार नाही, हे कळणं म्हणजेच तर दुःख. जिथं परत यायची वाट मोकळी ठेवलीय, तिथं खरं दुःख येणार कुठून?

सुगरण_औंधची
यवतेश्वर, अगदी! आमच्या आजीची गंमत सांगते. एका मालिकेतले आजोबा गेले त्या रात्री ती डोक्यावरनं आंघोळ करून आली. म्हणाली, रोज घरात येत होता, सुतक नको का पाळायला? पुढं महिन्याभरानं तोच नट दुसऱ्या चॅनेलवर कुणाचा तरी मामा होऊन दिसला. तेव्हा आजी म्हणाली, "बरं झालं, पोटापाण्याला लागला."

माणदेशी_माणूस
मला इथं थोडं आडवं बोलायचंय, राग मानू नका.

मालिकांत फार रडतात, आरडाओरडा करतात, म्हणून ते खोटं, असं शहरातली शिकलेली माणसं नेहमी म्हणतात. आमच्याकडं या. मयत झालं की गावाच्या वेशीपासनं बाया हेल काढत येत्यात. दारात आल्या की गळ्यात गळा. आणि ते नुसतं रडणं नसतं, त्यात सगळं आयुष्य सांगून होतं. माझा चुलता गेला तवा चुलती रडताना म्हणत होती, "आता हिरीवरची मोटार कोण चालू करंल वो... बैलं तुमच्याशिवाय हात लावू देत न्हाईत वो... धाकटीचं ठरवून गेला असता तर काय झालं असतं वो..." तिच्या रडण्यात घरातली सगळी अडलेली कामं निघाली. सोसायटीचं कर्जसुद्धा निघालं. जमलेल्या माणसांना तिथंच कळलं, या घराला काय काय लागणाराय. दुसऱ्या दिवशी एक पोरगा न सांगता मोटार चालू करून आला.

तेव्हा मोठ्यानं रडणं खोटं नाही. मालिकेतल्या रडण्यात काही सांगणंच नसतं, म्हणून ते खोटं. नुसतं "नाहीऽऽ" म्हणून काय कळतं, त्या माणसाचं काय काय होतं ते?

कृष्णाकाठची
माणदेशी दादा, राग कसला? माझ्या मनात हे आलंच नव्हतं. आमच्याकडं आत्या अशीच रडली होती. तेव्हा मला ते सहन होत नव्हतं, पण आई तिच्या गळ्यात पडूनच पहिल्यांदा मोकळी झाली.

वाईचा_बाळू
मी गेली काही वर्षं शूटिंगच्या लोकेशनची कामं बघतो. वाई, मेणवली, फलटण, सातारा. गर्दीला माणसं लागली की आसपासच्या गावांतनं गोळा करून देणं हे माझं काम. माणदेशी दादांनी लिहिलं त्यावर एक डोळ्यांनी बघितलेली गोष्ट सांगतो. मालिकेचं नाव सांगत नाही.

मयताचा सीन होता. वाड्याच्या सोप्यात तिरडी, भोवती गावातल्या बायका बसवल्या. त्यात एक मावशी होत्या, त्यांचे मालक वर्षभरापूर्वी गेलेले. ॲक्शन म्हटल्यावर त्यांनी जो हेल काढला, लाईट धरलेली पोरं खाली बघायला लागली. कॅमेरामन तसाच फिरवत राहिला. पण सीनमध्ये नायिकेचं बोलणं होतं, ते ऐकू येईना. कट झालं. सहायक दिग्दर्शक जवळ येऊन अगदी हात जोडून म्हणाला, "मावशी, आवाज न करता रडा."

मावशींनी पदर तोंडावर घेतला आणि तशाच बसल्या. टीव्हीवर त्या पाठमोऱ्या दिसतात. त्यांचा आवाज कुठंच नाही, त्या जागी नेहमीचं सनईचं रडकं संगीत आहे.

त्या पोराचीही चूक नव्हती, हे आवर्जून सांगतो. अर्ध्या तासाच्या भागात बावीस-तेवीस मिनिटांचा मजकूर लागतो, तो रोज उभा करायचा असतो. वाड्याचं भाडं तासावर. आज काढलेला भाग कधी कधी दोन दिवसांत दाखवायचा असतो. थांबून मावशींचं ऐकायला कुणाला सवड नाही.

हळदगल्ली
बाळूदादा, वाचून अंगावर काटा आला.

सुगरण_औंधची
आणि ते पांढऱ्या साड्यांचं कुणी आणलं आपल्यात? आमच्याकडं मातीला बायका अंगावर असेल त्या लुगड्यात येतात. कुणी शेतातनं तशीच येते, पायाला चिखल. मालिकेत मात्र सगळ्यांच्या पांढऱ्या साड्या इस्त्री करून तयार, जशा आधीच घेऊन ठेवल्या होत्या.

भडंगप्रेमी
आणि फोटोला हार घालताना फोटो नेमका लग्नातल्यासारखा मोठा, फ्रेम केलेला. अण्णांच्या फोटोसाठी आम्ही आख्खं घर शोधलं. शेवटी भाच्याच्या बारशातला मिळाला, त्यातनं बाकीचे कापले. त्यांच्या खांद्यावर अजून कुणाचा तरी हात आहे.

लीड्सकर_सातारी
मी मूळ साताऱ्याचा, शनिवार पेठेतला. इंग्लंडात येऊन बरीच वर्षं झाली. ताईंच्या मूळ प्रश्नाला एक पक्कं उत्तर माझ्याकडं आहे.

इथं 'कोरोनेशन स्ट्रीट' नावाची मालिका १९६० पासून चालू आहे. एका गल्लीतली साधी, कामकरी माणसं. त्यात स्टॅन आणि हिल्डा ऑग्डेन असं जोडपं होतं. ती साफसफाईची कामं करणारी, तोंडाळ, डोक्याला कर्लर लावून फिरणारी. तो आळशी, बिअर पिणारा. दोघं सारखी भांडायची. १९८४ साली स्टॅनचं काम करणारे बर्नार्ड यूअन्स खरोखरच वारले, म्हणून मालिकेतही स्टॅनचं मरण दाखवावं लागलं.

अंत्यविधी होतो, माणसं आपापल्या घरी जातात. हिल्डा घरात एकटी. रुग्णालयातून स्टॅनच्या वस्तूंचं तपकिरी कागदात बांधलेलं पुडकं आलेलं असतं. ती ते सोडते. कपडे निघतात. मग चष्म्याचं घर निघतं. ते हातात घेते आणि तिथं मात्र तिचा बांध फुटतो. समोर ऐकायला कुणी नाही, कुणी खलनायिका दारामागं उभी नाही. जीन अलेक्झांडर या अभिनेत्रीला त्यासाठी पुढच्या वर्षी तिथला मानाचा दूरचित्रवाणी पुरस्कार मिळाला. माझ्या शेजारची म्हातारी आजही त्या चष्म्याचं सांगताना थांबते.

म्हणजे रोजच्या मालिकेत हे जमत नाही, असं नाही. त्या बाईला इतकी वर्षं नवऱ्याशी भांडताना लोकांनी बघितलं होतं, म्हणून एका चष्म्यानं काम झालं. इतका वेळ फक्त मालिकेकडंच असतो, सिनेमाकडं नसतो.

अपशिंगेची_लेक
लीड्सच्या दादांचं पुडकं वाचलं आणि लिहायला बसले. एरवी मी इथं फक्त वाचते.

आमचं गाव अपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात आमच्या गावातले ४६ जवान कामी आले, त्यांचं स्मारक गावात आहे. घरटी एकतरी फौजी, आजही. 'लागिरं झालं जी' आली तेव्हा गावात टीव्हीपुढं गर्दी व्हायची. फौजीच्या घरची गोष्ट, आपल्या साताऱ्याच्या मातीत काढलेली, आपलीच भाषा. त्या मालिकेनं आमच्या पोरांना मान दिला, हे मी कधी विसरणार नाही.

पण एकूणच टीव्हीवर जवान गेला की काय दाखवतात? तिरंगा, बंदुकांची सलामी, अमर रहेच्या घोषणा, वीरपत्नी ताठ उभी. ते खरं असतं, मी पाहिलंय. माझे वडील गेले तेव्हा तसंच झालं होतं. पंचक्रोशी लोटली होती. आईला रडूही दिलं नाही कुणी, "तू वीरपत्नी आहेस" म्हणत होते.

त्यानंतर काही आठवड्यांनी ट्रंक आली. युनिटमधून. काळी पत्र्याची, वर पांढऱ्या रंगानं नाव, नंबर, पलटण. ती कुठल्या मालिकेत येत नाही. आईनं ती संध्याकाळपर्यंत उघडली नाही, देवघराशेजारी ठेवून सगळी कामं केली. मग आम्हाला जेवायला वाढलं आणि उघडली. वर घड्या घातलेले कपडे, ज्यानं कुणी भरली त्यानं फार नीट भरली होती. खाली दाढीचं सामान, अर्धी वापरलेली टूथपेस्ट, आमच्या शाळेच्या गुणपत्रकाची झेरॉक्स. टूथपेस्टची नळी खालून गुंडाळत आणलेली, काटकसरीनं, जशी ते घरी करायचे. आईनं बाकी सगळं नीट बघितलं. ती गुंडाळी बघून ती बसली ती बसलीच.

पुढं कितीतरी महिने पेन्शनची, वारसाची कागदं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक गृहस्थ होते, ते आईला प्रत्येक वेळी आधी खुर्ची द्यायचे, पाणी द्यायचे, मग कागद काढायचे. तो माणूस कुठल्या मालिकेत का नसतो? घरात माणूस गेल्यावर सगळे लुबाडायलाच टपलेत, असंच का दाखवायचं?

यवतेश्वर_घाट
ताई, तुम्ही लिहीत राहा. एवढंच.

माणदेशी_माणूस
टूथपेस्टचं वाचून मी मोबाइल ठेवला आणि रानात एक चक्कर मारून आलो.

मिरजेची_समुपदेशक
मी मिरजेत समुपदेशनाचं काम करते. इथे वर जे आलं आहे, ते आमच्या विषयाशी फार जवळचं आहे, म्हणून थोडं लिहिते.

मालिका लिहिणाऱ्यांच्या डोक्यात दुःखाचे पाच टप्पे पक्के बसलेले दिसतात. आधी नाकारणं, मग राग, शेवटी स्वीकार. ही मांडणी एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये केली, ती मुळात स्वतःचं मरण समोर दिसत असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ती नंतर सरसकट लावली गेली. प्रत्यक्षात माणूस असा पायरी-पायरीने चढत नाही. १९९९ मध्ये स्ट्रोब आणि शूट या दोन अभ्यासकांनी वेगळी मांडणी केली. त्यांच्या मते माणूस दोन बाजूंमध्ये सतत ये-जा करतो. एका बाजूला गेलेल्याची ओढ, दुसऱ्या बाजूला पुढचं आयुष्य उभं करणं. सकाळी रडतो, दुपारी वीजबिल भरतो, रात्री एखाद्या विनोदावर खळखळून हसतो आणि हसल्याबद्दल पुन्हा रडतो. हे निरोगी आहे.

कृष्णाकाठची, तुमच्या आईंना लागलेली भूक ही त्यातलीच. त्यांना नक्की सांगा, लाज वाटण्यासारखं त्यात काहीही नव्हतं. रात्रभर जागरण, धावपळ, आणि शरीर आपलं काम करत असतं.

माझा मालिकांवरचा खरा राग इथे आहे. मालिकेत नवऱ्याच्या मागे हसणारी बाई हमखास दुष्ट असते. तिनं लिपस्टिक लावली की पार्श्वसंगीत बदलतं. माझ्याकडे येणाऱ्या बायका म्हणतात, "मॅडम, मी काल हसले, लोक काय म्हणतील?" हे त्यांच्या मनात आपण सगळ्यांनी मिळून घातलं आहे, पण रोज रात्री त्याची उजळणी टीव्ही करतो.

उलट, एखाद्याचं दुःख वर्ष उलटून गेल्यावरही तसंच, तेवढंच तीव्र राहिलं, जगणंच थांबलं, तर तिथे मदत लागते. २०२२ पासून मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणातही त्याला वेगळी जागा मिळाली आहे. त्यावर मालिका करायला केवढा वाव आहे! पण आपल्याकडे लीप घेतात. 'सहा वर्षांनंतर' अशी पाटी येते आणि नेमकी तीच सहा वर्षं गाळली जातात.

भडंगप्रेमी
लीपनंतर पोरं मोठी होतात, बाई तेवढीच तरुण. फक्त चष्मा लागतो.

हळदगल्ली
मॅडम, पुरुषांबद्दलही लिहा ना. मालिकेतला बाप भिंतीवर मूठ आपटतो, झालं. माझ्या आईमागं वडील रोज सांगलीच्या एसटी स्टँडवर जाऊन बसायचे. आम्हाला वाटायचं मन रमवायला जातात. नंतर कळलं, आई माहेराहून यायची ती गाडी सहाला लागते. त्यांना घरात चहा करता येत नव्हता आणि मागायला जीभ रेटत नव्हती. सुनांनी विचारलं तर "नको, आताच झाला" म्हणायचे. मी हे कुठंच पाहिलं नाही, मालिकेत नाही आणि सिनेमातही नाही.

मिरजेची_समुपदेशक
हळदगल्ली, तुम्ही लिहिलंत तेच मी रोज ऐकते. पुरुष सांगायला येत नाहीत, त्यांना सुना नाहीतर मुली घेऊन येतात. आणि पहिला अर्धा तास ते गुडघेदुखीबद्दल बोलतात.

हरिपूरकर
मी नाटकवेडा, हे आधी सांगतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत पहिलं नाटक केलं, देवल आमच्या हरिपूरचे. आमच्या गावाला रंगभूमीचं वारं लागलेलं आहे. त्यामुळं मला वाटतं, तुम्ही चुकीच्या दारात न्याय मागताय. नाटकात नट दोन मिनिटं गप्प उभा राहिला तरी प्रेक्षक श्वास रोखून बसतो. मालिका बघणारी बाई कुकरच्या शिट्ट्या मोजत असते, पोराला ओरडत असते, मध्येच दार उघडते. शांतता दाखवली तर तिला वाटेल केबल गेली. तेव्हा विजा, ढोल, तीन वेळा वळलेली मान हे सगळं त्या स्वयंपाकघरातल्या बाईला हाक मारण्यासाठी आहे. तो दोष नाही, त्या माध्यमाची ती गरज आहे.

कृष्णाकाठची
हरिपूरकर काका, मान देऊन सांगते, मला हे पटत नाही. ती कुकरजवळची बाई मीच आहे, आणि माझी आई. आम्हाला हाक मारायला विजा लागत नाहीत. कुणीतरी "दूध एकच पिशवी द्या" म्हटलं असतं ना, तर मी गॅस बंद करून बाहेर आले असते.

लीड्सकर_सातारी
हरिपूरकर काका, हिल्डाचा प्रसंगसुद्धा लोकांनी घरात चहाचे कप हातात घेऊनच बघितला होता.

पण खरेपणाच्या नावाखाली काय होऊ शकतं, तेही सांगतो, नाहीतर माझं एकतर्फी होईल. 'ईस्टएंडर्स' या दुसऱ्या मालिकेत २०१०-११ च्या वर्षअखेरीला एका बाईचं तान्हं बाळ झोपेत दगावतं आणि ती शेजारणीचं बाळ उचलून आणते, आपलं मेलेलं तिथं ठेवते, असं दाखवलं. हजारो लोकांनी बीबीसीकडं तक्रारी केल्या. ज्यांची बाळं अशी गेली होती, ते आईबाप म्हणाले, आमचं दुःख आम्हाला चोर बनवत नाही. शेवटी ते कथानक ठरल्यापेक्षा लवकर, एप्रिल २०११ मध्ये गुंडाळावं लागलं. अपशिंगेच्या ताईंच्या आईला "तू वीरपत्नी" म्हणून रडू न देणं आणि हे, दोन्हीत मला एकच चूक दिसते. ज्याच्यावर बेतलंय त्याला कुणी विचारलंच नाही.

कोविडयोद्धा_नाही_फक्त_नर्स (सातारा)
लीड्सचे दादा म्हणतात ते खरं आहे, आणि त्याची दुसरी बाजू म्हणजे काही दुःखं तर कुणी दाखवलीच नाहीत. २०२०-२१ मध्ये मी वॉर्डात होते. माणसं गेली, घरच्यांना तोंड बघायला मिळालं नाही, आंघोळ नाही, खांदा नाही, सावडायला माणसं नाहीत. मोबाइल आणि चष्मा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर नाव लिहून आम्ही देत होतो. त्या पिशव्या घेणारे हात मी बघितलेत. अशी घरं आपल्या दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव आहेत.

जून २०२० नंतर शूटिंग परत सुरू झाली. मी घरी आल्यावर टीव्ही लावायचे, तर मी बघत होते त्या मालिकांतली घरं तशीच, लग्नं, कटकारस्थानं. कुणाच्या घरात रिकामी खुर्ची नाही. ज्या वर्षी सगळं राज्य एकाच दुःखात होतं, त्याच वर्षी पडद्यावर ते नव्हतं. आणि ते दुःख सेटपासून लांबही नव्हतं. ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर 'आई माझी काळुबाई'च्या शूटिंगसाठी आपल्याकडं आल्या होत्या. सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनानं त्या साताऱ्यातच गेल्या. अंत्यविधीही इथंच झाले.

वाईचा_बाळू
ताई, ते दिवस आठवले की अजून घशात येतं. सेटवरची पोरं कोपऱ्यात जाऊन रडत होती. लोकांना वाटतं ही माणसं निगरगट्ट असतात. तसं नसतं. ज्याचं मरण शूट करतात, त्याच्याकडून कट म्हटल्यावर कॅमेऱ्याकडं बघून हसून घ्यायचं, अशी रीत मी सेटवर बघितलीय. अशुभ राहू नये म्हणून. म्हणजे खोट्या मरणाचीही भीती वाटते तिथं. मग खरं झाल्यावर काय होत असेल, बघा.

सुगरण_औंधची
पिंडाला कावळा शिवण्याचं कुणी काढलं नाही अजून. मालिकेत कावळा वेळेवर येतो, नाहीतर नायिकेनं शपथ घेतली की येतो. आमच्या आजोबांच्या वेळी संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या काठावर, आम्ही ऊन डोक्यावर येईपर्यंत उभे. कावळे झाडावर, खाली यायला तयार नाहीत. मग एकेकजण हात जोडून पुढं होऊन बोलायला लागला. काका म्हणाले, "बांधाचं भांडण मिटवतो." आत्या म्हणाली, "आईला मी नेते." तरी नाही. शेवटी माझा चुलतभाऊ, शाळकरी पोर, म्हणाला, "आजोबा, तुमची सायकल मी विकू देणार नाही." आणि आला कावळा! योगायोग म्हणा काहीही म्हणा. पण त्या सकाळी घरातल्या प्रत्येकानं आपल्या मनातली टोचणी सगळ्यांसमोर बोलून दाखवली. एवढं मोठं नाट्य आपल्या रीतीत आयतं पडलंय आणि मालिकावाले विजा कडाडवतात.

यवतेश्वर_घाट
सायकल आहे का अजून?

सुगरण_औंधची
आहे. भाऊ नोकरीला पुण्यात, सायकल औंधला. काका तिला दर दसऱ्याला हार घालतात.

हरिपूरकर
कृष्णाकाठची, तुझं उत्तर वाचून विचार करत बसलो होतो. माध्यमाबद्दलचं माझं मत मी सोडलेलं नाही. पण कावळ्याचं वाचल्यावर वाटतं, गोष्टी इतक्या आहेत तर अडतं कुठं? बाळूदादा, तुम्ही आतले आहात, तुम्हीच सांगा. असं दाखवायला पैसा जास्त लागतो का?

वाईचा_बाळू
उलट काका, स्वस्त पडतं! मयताच्या सीनला पन्नास माणसांची गर्दी, त्यांचं जेवण, तिरडी, पाऊस हवा असेल तर टँकर. ट्रंक उघडायला एक खोली आणि एक बाई पुरते. अडतं ते दर गुरुवारी येणाऱ्या टीआरपीच्या, म्हणजे किती लोकांनी बघितलं त्याच्या आकड्यांपाशी. मरणाच्या आठवड्यात आकडा चढतो. पुढच्या आठवड्यात तो पडू नये म्हणून लगेच नवं भांडण, नवं कारस्थान. दुःखाचे सहा महिने दाखवले तर माणसं चॅनेल बदलतील ही भीती. करून बघितलंय का कुणी? माझ्या माहितीत तरी नाही.

पण रोज दाखवायची गरजच काय? कथानक चालू दे आपलं. अधनंमधनं अर्धा मिनिट, गेलेल्या माणसाच्या नावानं आलेलं टपाल. दिवाळीत फराळ करायचा नाही, शेजारचे ताटं आणून देतात, तो एक प्रसंग. एवढ्यानं आकडा पडत नसतो.

कृष्णाकाठची
हेच, हेच म्हणायचं होतं मला! सगळी मालिका दुःखी करा असं कोण म्हणतंय? बाबांच्या नावानं अजून एलआयसीचं पत्र येतं, आम्ही ते वाचतो आणि मग भाजी काय करायची ते ठरवतो.

आणि मिरजेच्या ताई, आईला तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "त्या बाईंना विचार, त्यांच्याकडं यायला चिठ्ठी लागते का?"

मिरजेची_समुपदेशक
चिठ्ठी-बिठ्ठी काही नको. व्यक्तिगत निरोप पाठवते, त्यात वेळ आणि पत्ता आहे. तुम्ही बरोबर या, पण आत त्यांना एकट्यांना येऊ दे.

वाईचा_बाळू
अपशिंगेच्या ताई, एक विचारू का? पुढच्या महिन्यात एका नव्या मालिकेची माणसं वाड्याची पाहणी करायला येणार आहेत. फौजीच्या घरचीच गोष्ट आहे म्हणतात. लेखक बरोबर असणार. ट्रंकेचं त्यांच्या कानावर घालू का? तुमची हरकत असेल तर शब्द काढणार नाही.

अपशिंगेची_लेक
आईला विचारून सांगते.

अपशिंगेची_लेक
विचारलं. आई म्हणाली, घालू देत. पण तिच्या काही अटी आहेत. वर नाव-नंबर पांढऱ्या रंगानं हातानं लिहिलेला पाहिजे, स्टिकर नको. उघडताना मागं कसलंही संगीत नको. बाईनं आधी पोरांना जेवायला वाढलेलं दाखवायचं. आणि सैनिक कार्यालयातला खुर्ची देणारा माणूस आलाच पाहिजे, तो नसेल तर ट्रंकही देणार नाही, असं स्पष्ट सांगायला लावलंय.

माणदेशी_माणूस
मावशींचा हेल पण घ्या म्हणावं. आवाजासकट.

वाईचा_बाळू
लिहून घेतलं. मावशींचा नंबर आहे माझ्याकडं, त्यांना आधी विचारतो.